तोडीचं वय ठरवणाऱ्यांना: जमिनीचाही हिशोब मांडा

प्रति,
सूचिपर्णी जंगलांच्या तोड-लागवडीच्या योजना आखणारे वनव्यवस्थापक,
सरकारी आणि खासगी, दोन्ही

विषय: तोडीचं वय आणि तोडणीची पद्धत ठरवताना अन्नद्रव्यांचा हिशोब धरण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

तोडीचं वय कसं ठरतं हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. झाडांच्या वयाप्रमाणे लाकडाची वाढ आलेखावर मांडायची, वार्षिक सरासरी जिथे शिगेला पोचते ते वय बघायचं, मग त्यात गुंतवणुकीवरचं व्याज धरलं की आकडा आणखी खाली येतो. अमेरिकेच्या वायव्य भागात, ओरेगन आणि वॉशिंग्टनमधल्या डग्लस फर या सुईसारख्या पानांच्या झाडाच्या खासगी लागवडीत तो ४० ते ५० वर्षांवर येऊन ठेपला आहे. हीच झाडं हात न लावता राहू दिली तर ५०० वर्षं सहज उभी राहतात, काही त्याहूनही जास्त. आयुष्याच्या पहिल्या दहाव्या हिश्श्यातच आपण त्यांचा निकाल लावतो आणि उरलेल्या नऊ हिश्श्यांत ती काय करत असतात, हा प्रश्न योजनेत येतच नाही.

जुन्या जंगलांची बाजू घेणारे बहुतेक जण घुबडं, सावली, भव्यता यांबद्दल बोलतात. ते सगळं खरं आहे, पण तुमच्या बैठकीत ते 'भावनिक' म्हणून बाजूला सारणं सोपं जातं. म्हणून मी फक्त नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि कॅल्शियम यांच्याबद्दल लिहितो आहे. तुमचं लाकूड ज्यावर वाढतं, त्या मालाबद्दल.

तरुण जंगलापासून सुरुवात करू, कारण तुमचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. साफतोडीनंतर, म्हणजे एका जागेतली सगळी झाडं एकदम तोडल्यावर, जमिनीवर ऊन पडतं, पाणी ओढणारी मुळं नसल्यामुळे ओल टिकते आणि मातीत नत्र मोकळं होत राहतं; घेणारं मात्र कोणी नसतं. काही वर्षं थोडं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं नत्राचं रूप, ओढ्याला जातं. मग झुडपं आणि रोपं जमीन व्यापतात आणि गळती थांबते. यानंतरचा काळ रोपांच्या भुकेचा. या वयात झाड सुया आणि बारीक मुळं उभी करण्यात गुंतलेलं असतं, आणि खरा माल लागतो तो तिथेच. डग्लस फरच्या सुईत वजनाच्या साधारण १ टक्का नत्र असतं. खोडाच्या लाकडात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नसतं. शेजारशेजारच्या फांद्या एकमेकांना भिडून पर्णछत मिटेपर्यंत मातीतला उपसा सर्वांत जोराचा असतो. त्यानंतर सुयांचं एकूण वजन फारसं वाढत नाही आणि झाड जुन्या सुयांतला माल काढून नव्यांना द्यायला लागतं.

हे डोळ्यांना दिसतं. पानगळीच्या दिवसांत डग्लस फरची एखादी फांदी टोकापासून आत बघत जा. टोकाला या वर्षीच्या सुया गर्द हिरव्या, आणि खोडाच्या बाजूला, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या, पिवळ्या पडत चाललेल्या. तो पिवळेपणा म्हणजे माल हलवण्याचं काम चालू असल्याची खूण. गळण्याआधी झाड सुईतलं जवळपास अर्धं नत्र आणि स्फुरद परत खेचून घेतं. कॅल्शियम मात्र परत फिरत नाही. पेशींच्या भिंतीत बसलेलं ते सुईबरोबर खाली जातं. पालाश तर सुई जिवंत असतानाच पावसाने धुऊन निघतं. 'अन्नद्रव्यं' असा एकच रकाना करून भागत नाही तो यामुळे. प्रत्येकाची चाल वेगळी.

भुकेच्या त्या वर्षांत एवढं नत्र येतं कुठून? वायव्येकडच्या स्वच्छ हवेत पावसाबरोबर वर्षाला हेक्टरी एक-दोन किलो पडतं. खडक झिजून कॅल्शियम, पालाश, स्फुरद थोडं थोडं सुटतं, पण बहुतेक खडकांत नत्र नसल्यातच जमा. बाकी सगळं आधीच्या जंगलाने मागे ठेवलेलं: ह्युमस (कुजलेल्या पाल्याची काळी माती), मेलेली मुळं, कुजके ओंडके. पहिल्या लागवडीची घोडदौड बघून 'जमीन उत्तम' असा शेरा मारला जातो. ती दौड कित्येक शतकांच्या साठ्यावर झालेली असते, आणि तो साठा भरणारं जंगल त्या जागी पुन्हा येऊ द्यायचा तुमचा विचारच नसतो.

यावरचं तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. मातीत हेक्टरी हजारो किलो नत्र असतं, खोडांबरोबर त्याचा लहानसा भाग जातो, मग बिघडलं कुठे? बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पण त्या हजारो किलोंतलं बहुतेक ह्युमसमध्ये असं अडकलेलं असतं की दर वर्षी मुळांच्या हाती त्याचा अगदी थोडा अंश लागतो. नाहीतर तुम्हीच हेलिकॉप्टरमधून युरिया कशाला टाकला असता? डग्लस फरच्या लागवडीत एका वेळी हेक्टरी सव्वादोनशे किलोच्या आसपास नत्र देण्याची रीत तुमचीच. जमिनीत सगळं भरपूर असतं तर हा खर्च कोणी केला नसता.

साठा संपेपर्यंत ओरबाडला तर काय होतं, ते युरोपने करून बघितलं आहे. जर्मनीत कित्येक पिढ्या पाइनच्या जंगलांतला पालापाचोळा गुरांच्या गोठ्यात अंथरण्यासाठी खरवडून नेला जायचा. झाडाला कुऱ्हाड लागत नव्हती, म्हणजे वरून बघता जंगल शाबूत. तरी झाडांची वाढ खुरटत गेली आणि जमीन निकृष्ट झाली. एर्न्स्ट एबरमायर यांनी पाचोळ्याबरोबर किती माल जातो याची मोजमापं १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. जंगलातल्या अन्नद्रव्यांच्या हिशोबाची शास्त्रीय सुरुवात साधारण तिथली. प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता, एवढंच तुमच्या लक्षात आणून देतो.

आता जुन्या जंगलाकडे. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

ओरेगनच्या कॅस्केड पर्वतात अँड्र्यूज प्रायोगिक वन आहे, १९४८ साली स्थापन झालेलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या संशोधकांनी गिर्यारोहकांचे दोर घेऊन जुन्या डग्लस फरच्या शेंड्यांपर्यंत चढायला सुरुवात केली. वर फांद्याफांद्यांवर एक दगडफूल माजलेलं होतं, लोबेरिया ओरेगाना. कोबीच्या सुट्या पानासारखं दिसणारं, फिकट हिरवं, कडा चुरगळलेल्या. ते चिरून बघितलं तर आत बारीक काळसर गाठी असतात. त्या गाठींत निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि हवेतलं नत्र बांधतं. या दगडफुलात सुईच्या जवळपास दुप्पट नत्र असतं. हिवाळ्यातल्या वादळांत त्याचे तळहाताएवढे तुकडे खाली पडतात, आणि सुयांना कुजायला वर्षानुवर्षं लागतात तिथे हे वर्षभरात मातीत मिसळून जातं. ते किती नत्र आणतं याचे अंदाज जंगलागणिक वेगळे आहेत, वर्षाला हेक्टरी दोन-तीन किलोंपासून सोळाएक किलोंपर्यंत. आपण ५ किलो धरू. तुमच्या एका युरियाच्या फवारणीइतकं नत्र जुनं जंगल ४५ वर्षांत, म्हणजे तुमच्या एका तोडीच्या अवधीत, फुकट आणून टाकतं.

तरुण लागवडीत हे दगडफूल जवळजवळ नसतं. शंभरी ओलांडल्यावर ते दिसू लागतं आणि दोनशेनंतर मुबलक होतं. तरुण झाडांवर त्याला मानवत नसेल, असं वाटणं साहजिक आहे. संशोधकांनी त्याचे तुकडे तरुण झाडांच्या फांद्यांवर मुद्दाम लावून बघितले, तर ते जगले आणि वाढले. अडचण पोचण्याची आहे. जड तुकडे वाऱ्याने लांब जात नाहीत. जुन्या झाडापासून थोड्या अंतरावर पडतात, तिथून पुढे पुन्हा थोडं. शेकडो हेक्टरांत एकही म्हातारं झाड उरलं नसेल तर ते यायचं कुठून? आलंच तर ४० वर्षांत स्थिरावायच्या आत पुन्हा करवत.

जुन्या जंगलाचा दुसरा भाग जमिनीवर आडवा पडलेला: मेलेल्या झाडांचे ओंडके. तुमच्याकडे त्याला कचरा म्हणतात, विम्याच्या भाषेत इंधन. पडलेल्या ओंडक्यात नत्र फार थोडं असतं आणि कार्बन शेकडो पट, त्यामुळे त्याचा अन्नद्रव्यांशी संबंध नाही असं बराच काळ मानलं गेलं. अँड्र्यूजमध्येच १९८५ मध्ये मार्क हार्मन आणि सहकाऱ्यांनी चार जातींचे ५०० हून अधिक ओंडके जंगलात ठेवून दिले, ते कसे कुजतात ते २०० वर्षं मोजायचं या बोलीवर. पहिल्या काही वर्षांतच दिसलं की लाकडात शिरलेली बुरशी अळंबीच्या रूपाने बाहेर येते आणि अळंबीत नत्र, स्फुरद, पालाश लाकडाच्या कितीतरी पट साठलेलं असतं. अळंबी कुजते, किडे आणि खारी खातात, आणि ओंडका अजून टणक असतानाच त्यातला माल बाहेर पडू लागतो. शिवाय कुजक्या लाकडातले जीवाणू हवेतलं नत्र बांधतात. थोडंच, वर्षाला हेक्टरी एखादा किलो. पुढे लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ठोकळ्यांसारखं तडकतं आणि हाताने कुस्करता येतं, तेव्हा त्यात झाडांची मुळं आणि मुळांना जोडून राहणारी मायकोरायझा बुरशी खचाखच भरलेली असते. त्या भागात उन्हाळा कोरडा असतो. माती सुकली तरी असा ओंडका पिळला तर पाणी निघतं.

समुद्राजवळच्या सिट्का स्प्रूस आणि हेमलॉकच्या जंगलांत तर नवी पिढीच ओंडक्यांवर उगवते. ओंडक्यांनी व्यापलेली जागा जमिनीच्या ६ ते ११ टक्के, आणि त्यांच्यावर वाढणारी रोपं ९४ ते ९८ टक्के, अशी तिथली मोजणी आहे. नैसर्गिक पुनरुत्पादन कमी पडतं म्हणून रोपवाटिकांवर खर्च करणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

इथवर वाचून जुन्या जंगलांचे कैवारी खूश झाले असतील. त्यांच्यासाठीही दोन शब्द आहेत. 'जुन्या जंगलातून काहीच वाया जात नाही, तरुण जंगल मात्र गळकं' हे वाक्य सभांमध्ये फार ऐकू येतं, आणि ते चुकीचं आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ युजीन ओडम यांनी १९६९ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं. १९७५ मध्ये पीटर व्हिटोसेक आणि विल्यम रायनर्स यांनी न्यू हॅम्पशायरमधल्या स्प्रूस-फरच्या जंगलांतले ओढे तपासले, तर मध्यम वयाच्या जंगलांपेक्षा जुन्या जंगलांतून जास्त नायट्रेट बाहेर पडत होतं. कारण सरळ आहे. जंगल वाढत असतं तोवर वाढीसाठी लागणारा माल ते अडवून धरतं. एकूण वाढ थांबली की जेवढं आत येतं साधारण तेवढंच बाहेर जातं.

तुमच्यातले काही जण हाच निष्कर्ष उलटा फिरवून वापरतात: बघा, तरुण जंगल काटकसरी, जुनं उधळं. जरा थांबा. तरुण जंगलाने अडवलेला माल लाकडात, सालीत आणि फांद्यांत बसतो, आणि त्यातलं बरंचसं तुम्ही ट्रकमध्ये भरून नेता. ओढ्याच्या पाण्यात नायट्रेट सापडत नाही, कारण ते रस्त्याने जातं. दोन्ही वाटा एका तक्त्यात मांडल्याशिवाय कोण काटकसरी हे कसं ठरवणार? आणि न्यू हॅम्पशायरसारख्या, पावसातून बरंच नत्र पडणाऱ्या भागातलं चित्र सगळीकडे लागू करता येत नाही. ओरेगनच्या जुन्या जंगलांतल्या ओढ्यांत नायट्रेट जेमतेम असतं. जे नत्र जातं ते मुख्यतः विरघळलेल्या सेंद्रिय रूपात, झाडांना सहज पकडता न येणाऱ्या. दक्षिण चिलीतल्या प्रदूषणापासून दूर असलेल्या जुन्या जंगलांतही लार्स हेडिन आणि सहकाऱ्यांना १९९५ मध्ये हेच आढळलं.

जितकं जुनं तितकं चांगलं असाही नियम नाही. उत्तर स्वीडनमधल्या हॉर्नाव्हान आणि उड्याउरे या तलावांत लहानमोठी बेटं आहेत. मोठ्या बेटांवर वीज जास्त वेळा पडते आणि वणवे लागतात, लहान बेटं हजारो वर्षं न जळता राहिली आहेत. डेव्हिड वॉर्डल यांच्या गटाने ती तुलनेसाठी घेतली. लहान बेटांवर ह्युमसचा थर जाड, कुजणं मंद, माल त्यात अडकलेला आणि झाडं खुरटी. उत्तरेच्या थंडीत अधूनमधून आग लागणं हा चक्राचाच भाग आहे, आणि ते नाकारून कोणाचं भलं होत नाही.

मात्र 'वणव्यानेही जंगल जातंच, मग आम्ही तोडलं तर काय' हा युक्तिवाद त्यातून निघत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये विजेमुळे लागलेल्या आगीत अँड्र्यूजचा मोठा भाग जळाला. अशा आगीत सुया आणि वरचा पाचोळा जळतो, त्यातलं बरंचसं नत्र वायू होऊन उडतं. कॅल्शियम आणि पालाश राखेत तिथेच राहतं. आणि खोडं? ती जवळपास सगळी जागेवर असतात, उभी, पुढची शंभर-दोनशे वर्षं टप्प्याटप्प्याने पडायला आणि कुजायला. साफतोडीत नेमकी तीच जातात. जळक्या जंगलातलं 'वाया जाणारं' लाकूड काढायला ट्रक आत घालण्याची घाई होते, तेव्हा वणव्याने मागे ठेवलेला हा वाटाही उचलला जातो.

त्याच भागातल्या रेड आल्डर या रुंद पानांच्या झाडाबद्दल थोडक्यात. डग्लस फरला मागे टाकतं म्हणून त्यावर तणनाशक मारलं जातं. त्याच्या मुळांच्या गाठींतले फ्रँकिया जीवाणू तरुण, दाट आल्डरमध्ये वर्षाला हेक्टरी ५० ते १०० किलो, कधी त्याहून जास्त नत्र बांधतात. फार झालं तर उलटतंही: जास्तीचं नत्र नायट्रेट होऊन झिरपतं, माती आम्ल होते आणि कॅल्शियम सोबत वाहून जातं. म्हणून सगळीकडे आल्डर लावा असं मी म्हणणार नाही. नत्राला भुकेल्या जमिनीवर एका पिढीपुरते त्याचे पट्टे राहू द्या, एवढंच.

माझा सर्वांत ठाम आक्षेप अख्खं झाड उचलण्याला आहे. खोडांबरोबर शेंडे, फांद्या, सुया सगळं काढून जळणासाठी पाठवलं की वजन थोडं वाढतं, नत्राची उचल मात्र दुप्पट-तिप्पट होऊ शकते. पिकाच्या हिशोबात हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. स्वीडनमध्ये अशा तोडणीनंतर लाकडाची राख जंगलात परत नेऊन टाकण्याची शिफारस आहे. त्याने कॅल्शियम, पालाश, थोडं स्फुरद परत येतं. नत्र धुरांड्यातून गेलेलं असतं, ते राखेत नसतंच.

तेव्हा मागणी अशी. शेंडे आणि फांद्या जागेवरच राहू द्या; जळणासाठी न्यायच्याच असतील तर त्या सुकून सुया गळून पडेपर्यंत तरी थांबा. ढिगारे करून जाळणं बंद करा. जाड ओंडके, ताजे आणि कुजके दोन्ही, प्रत्येक तोडीत मागे ठेवा, आणि ट्रॅक्टरने ते चिरडले जाणार नाहीत असे ठेवा. दर तोडीच्या जागेत काही म्हातारी झाडं कायमची राखा, सगळी एका कोपऱ्यात गोळा न करता विखरून, म्हणजे दगडफुलाला पुढे सरकायला टप्पे मिळतील. सगळ्या जमिनीवर ४० वर्षांचंच चक्र लावू नका. काही भाग शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत जाऊ द्या, मधली विरळणी करून लाकूड मिळवा. हलकी, वाळूमिश्रित, कमी ह्युमसची जमीन आधी वेगळी काढा, कारण चूक झाली तर फटका पहिला तिला बसतो. शेवटच्या मुद्द्यावर खर्च जवळजवळ शून्य आहे आणि तरीही तोच सर्वांत कमी पाळला जातो, असं माझं मत आहे.

यातलं काय परवडतं आणि काय नाही, यावर आपण वाद घालू शकतो. त्यासाठी आकडे समोर हवेत. तोडीच्या प्रत्येक योजनेत घनमीटर लाकडाशेजारी चार रकाने वाढवा: नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम. त्या जागेतून प्रत्येकी किती किलो जाणार, पाऊस, खडक, आल्डर आणि दगडफुलं यांतून पुढच्या तोडीपर्यंत किती भरून येणार, आणि मातीत वापरता येण्याजोगं किती आहे. लाकडातलं आणि सुयांतलं प्रमाण तुमच्याच संशोधन केंद्रांनी कधीच मोजून ठेवलं आहे. गुणाकार तेवढा बाकी आहे. पुढच्या आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवाल तेव्हा हा तक्ता सोबत जोडा. तो नसेल तर तोडीच्या वयावर माझी हरकत नोंदवून घ्या.

कळावे,
आपला,
मृदाशास्त्राचा एक अभ्यासक